टाकी कुठं हाय?

मला चांगुणाकाकीनं वाचवलं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात मी तिच्यावर वैतागलेलीच जास्त दिसेन. वैतागले होतेच. आमच्या गावात तिच्यावर न वैतागलेला एक माणूस दाखवा. सरपंच वैतागले, ग्रामसेवक भाऊसाहेब वैतागले, आणि पार्कवाले तर इतके वैतागले की भेट म्हणून दिलेली टोपी त्यांनी तिच्याकडून परत मागितली. तिनं दिली नाही. म्हणाली, "टोपी दिली ती दिली. आता ती मी शेलीला घातली."

काकी गावात पाणी सोडायची. लोधिवलीवरून आत गेलं की डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. वरून एक झरा येतो, तो पायथ्याच्या विहिरीत उतरतो. सरकारी कागदात तिला उद्भव विहीर म्हणतात, गाव नुसतं उद्भव म्हणतं. तिथून मोटारीनं पाणी टाकीत चढतं आणि टाकीतून चार आळ्यांना. कुठल्या आळीला कधी आणि किती मिनिटं, हे सगळं काकीच्या हातात. आधी तिचा नवरा हे काम करायचा. तो गेला तेव्हा पंचायतीनं दुसरा माणूस मिळेपर्यंत म्हणून चावी तिच्याकडं दिली आणि ती बावीस वर्षं तिच्याकडंच राहिली. चावी म्हणजे कमरेएवढी लोखंडी सळई, वर आडवी मूठ. रस्त्याकडेच्या खड्ड्यात घालायची आणि व्हॉल्व्ह फिरवायचा. ती खांद्यावर टाकून काकी निघाली की बायका हंडे घेऊन दारात यायच्या.

मी परभणीकडची. सातवीनंतर शाळा सुटली, पुढं लग्न झालं, आणि नवऱ्याला इकडं झाडांच्या नर्सरीत काम मिळालं म्हणून आम्ही आलो. मीही तिथंच पिशव्यांत माती भरते. खोली मिळाली ती वरच्या आळीत, पाण्याच्या लाइनीवरचं शेवटचं घर. पाणी आमच्याकडं सगळ्यात शेवटी येतं आणि कमी पडलं तर सगळ्यात आधी आमचं तुटतं. बाहेरच्या माणसाला अशीच खोली मिळते, त्याबद्दल कुरकुर नाही. पण उद्भवातलं पाणी कमी झालं की पहिला घसा कुणाचा कोरडा पडणार, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी नळावर पोहोचले तर काकी व्हॉल्व्ह बंद करत होती. मुलगी तापलेली, घरात पाण्याचा थेंब नाही. मी म्हटलं, "काकी, दोन मिनिटं थांबा. एकच हंडा."

"नाय."

"लेकरू तापलंय हो."

"तुला दोन मिंटं दिली तर सांजच्याला खालच्या आलीला दोन मिंटं कमी. त्यांनी काय केलंय तुझं?" असं म्हणून तिनं चावी फिरवली आणि चालती झाली.

मी घरी येऊन रडले. नवऱ्याला म्हटलं, असल्या माणसांत मला राहायचं नाही, गाडीत बसव. अर्ध्या तासानं दारात काकी उभी. कमरेवर तिच्या घरचा हंडा. तो उंबऱ्याशी ठेवून म्हणाली, "ह्यो माझ्या वाटनीचा हाय. व्हॉल्व्हचा नाय." मग मुलीच्या कपाळाला हात लावला आणि जाताजाता मलाच रागावली, "रडतेस काय? उद्या सा वाजून धा मिंटांनी यायचं. घड्याल नाय घरात?"

ही तिची रीत. काम करून द्यायचं, पण त्या कामाचा आनंद म्हणून तुम्हाला होऊ द्यायचा नाही.

पाइपाला ती डॉक्टरसारखी तपासायची. चावीचं एक टोक लाइनीवर टेकवायचं, दुसरं कानाला. थोडा वेळ डोळे मिटून उभी राहायची आणि म्हणायची, "रमेशनी मोटार लावली." नळाला चोरून मोटार लावून पाणी ओढणं आमच्याकडं पाप नाही, पकडलं जाणं पाप आहे. काकी भांडायची नाही. सरळ रमेशच्या ओट्यावर जाऊन बसायची आणि चहा मागायची. चहा प्यायची, दुसरा मागायची. रमेशची बायको आतून भांडी आपटायची. मोटार निघेपर्यंत काकी उठायची नाही. रमेश एकदा माझ्या नवऱ्याला म्हणाला होता, "चोरीपेक्षा चायपत्ती जास्त जाते रं."

आणि तिची रेघ. रेघेबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

खूप वर्षांपूर्वी पंचायतीनं डासांच्या धुरासाठी म्हणून सभा बोलावली होती. आमच्याकडं सभेला गेलं की आधी हजेरीची सही करायची. सह्या पानाच्या खालच्या अर्ध्यात घेतात, वरचा अर्धा कोरा ठेवतात. विचारलं तर म्हणतात, मजकूर मागाहून लिहू, सगळ्यांना घरी जायची घाई आहे. आणि घाई असतेच. चहा-बिस्किट झालं की बायका चुलीकडं पळतात. त्या वेळी डासांचा धूर राहिला बाजूला, वरच्या कोऱ्या जागेत मागाहून लिहिलं गेलं की वरच्या आळीला एक दिवसाआड पाणी द्यावे, सर्वानुमते मंजूर. खाली काकीची स्वतःची सही. पाणी सोडणारी बाई, तिच्याच सहीनं तिच्याच हातून पाणी तोडवलं. तो ठराव फिरवायला तिला दोन वर्षं लागली.

तेव्हापासून "सर्वानुमते" ही तिची शिवी झाली. मांजर दूध पिऊन गेलं, तर "प्यायला सर्वानुमते." जावई न सांगता जेवायला आला, तरी तेच. आणि तेव्हापासून ती सही करायच्या आधी वरच्या कोऱ्या जागेत या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ मारायची. शाळेच्या वहीत, दवाखान्याच्या कागदावर, लग्नाच्या घरी आहेर लिहून घेतात त्या वहीतसुद्धा. नवरीचा बाप तिला म्हणाला, "काकी, माझ्या पोरीच्या लग्नात तरी नको." काकी म्हणाली, "तुझ्यावर भरवसा हाय रं. कागदावर नाय."

एकदा शेजारच्या पोराचं पार्सल घेऊन कुरिअरवाला आला. शेजारी कोणी नव्हतं म्हणून काकीपुढं मोबाइल धरून म्हणाला, आजी, बोटानं सही करा. काकीनं मोबाइल हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि काचेवर बोटानं आधी आडवी रेघ मारली. ती सही म्हणून गेली. कुरिअरवाला म्हणाला, "आजी, हे काय केलं, ही स्क्रीन आहे." काकी म्हणाली, "मंग? रिकामी होती ना?"

तर अशी बाई, आणि तिच्या गावात पाण्याचं पार्क येणार म्हणून पाटी लागली.

पाटी उद्भवाच्या वरच्या माळावर लागली. निळं पाणी, घसरगुंड्या, हसणारी गोरी मुलं. त्याच जागेवर आधी दोन पाट्या लागून गेल्या होत्या म्हणे, एक रिसॉर्टची आणि एक कसल्याशा बंगल्यांची. दोन्ही वेळी पाटीशिवाय काही उभं राहिलं नाही. रिसॉर्टच्या पाटीचा फ्लेक्स फाटून खाली आला तो काकीनं शेळ्यांच्या गोठ्यावर टाकला होता. कोणी विचारलं तर सांगायची, "माझ्या शेल्या रिसॉर्टमधी ऱ्हातात."

पण या वेळी नुसती पाटी नव्हती. एक दिवस शाळेच्या पटांगणात मांडव पडला, गाड्या आल्या आणि टेबलावर काचेच्या पेटीत पार्कचं मॉडेल ठेवलं. खरं सांगते, बघून जीव हरखला. एवढ्या एवढ्या घसरगुंड्या, लाटांचा तलाव, हिरवी स्पंजाची झाडं, बोटाएवढी माणसं. माझी मुलगी पेटीला नाक लावून उभी राहिली. पार्कच्या साहेबांनी माइकवरून सांगितलं, इथल्या लोकांना इथंच रोजगार. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

काकी पेटीभोवती फिरत होती. एकदा, दोनदा, तीनदा. वाकून, कमरेवर हात ठेवून. साहेब माणूस चांगला होता, माइक ठेवून खाली आला. म्हणाला, "काय शोधताय आजी?"

"टाकी."

"कसली टाकी?"

"पान्याची. एवढं पानी दावलंय तुमी. टाकी कुठं हाय?"

साहेब हसले. म्हणाले, टाकी जमिनीखाली आहे, म्हणून दिसत नाही.

"बरं. भरते कशानी?"

"पावसाचं पाणी साठवणार आजी. आणि तेच तेच पाणी स्वच्छ करून परत वापरणार."

"आनि मे महिन्यात?"

"साठवलेलं असेल ना."

"आमी बी साठवतो. मे महिन्यात आमच्याकं चिखल ऱ्हातो." मग तिनं काचेवर बोट ठेवलं. "हितं आमचा झरा हाय. तुमी हितं काय केलंय?"

साहेबांनी वाकून मॉडेलवर तिथं चिकटवलेली चिठ्ठी वाचली. तिथं लहान मुलांचा तलाव होता.

मागून पोरं ओरडायला लागली. सरपंच म्हणाले, "काकी, बस आता, गावाचं काय भलं होतंय ते होऊ दे." एक पोरगा म्हणाला, "काकी, तुला काय घसरगुंडीवर बसायचंय का?"

"बसीन की," काकी म्हणाली. "पन घसराया पानी लागतं ना रं?"

लोक हसले. मी हसले नाही, मला तिचा राग आला. एवढी मोठी माणसं आलीत, चांगलं बोलतायत, आणि ही आपली टाकी टाकी. त्याच दिवशी तिला शांत करायला त्यांनी ती टोपी दिली होती.

मला त्या पार्कात नोकरी हवी होती. लपवून काय करू. नर्सरीत पावसात भिजत माती भरायची, उन्हात माती भरायची. तिथं म्हणे गणवेश, पायात बूट, डोक्यावर छत. गावचाच निलेश पार्कवाल्यांसाठी नावं गोळा करत होता. मला म्हणाला, "वंदावैनी, तुमी मेहनती हाव. तुमचं नाव पयलं." मी म्हटलं, माझी सातवीच झालीय. म्हणाला, "चालतंय वो, मी हाय ना." मी त्या आनंदात दोन दिवस नीट जेवले नाही. चांगलं काही होणार असलं की मला आधी भीतीच वाटते.

मग ग्रामसभा लागली. दारातच निलेश टेबल टाकून बसला होता. एका हाताला नोकरीचे फॉर्म, दुसऱ्या हाताला हजेरीचं पान. आधी सही, मग फॉर्म. माझं मतदार यादीत नाव होतं, तेही काकीनंच मागं लागून घालायला लावलेलं. "पानी हितलं पितेस ना, मंग नाव हितं घाल," असं म्हणून. मी रांगेत पहिली होते. पानाचा वरचा अर्धा कोरा होता. मी पाहिला. काकीची रेघ मला आठवलीसुद्धा. पण फॉर्मचा गठ्ठा पातळ दिसत होता आणि मागं वीस बायका उभ्या होत्या. मी कोऱ्या जागेखाली पहिली सही केली. फॉर्म घडी घालून पिशवीत ठेवला आणि जाऊन बसले. माझ्या सहीखाली सगळ्यांनी सह्या केल्या.

काकी नेहमीसारखी शेवटी आली, पाणी सोडून. टेबलाशी थांबली. पान उचलून डोळ्यांजवळ नेलं. तेव्हाच तिला नीट दिसत नव्हतं. मग निलेशच्या खिशातला पेन काढून तिनं वरच्या कोऱ्या जागेत रेघ मारली. एक नाही, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात दोन तिरप्या, मध्ये एक आडवी. त्यावर मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: सही करताना इथे काही लिहिलेले नव्हते. आणि खाली सही केली.

भाऊसाहेब डोक्याला हात लावून म्हणाले, "काकी, पान खराब केलंत तुम्ही. सगळ्या सह्या परत घ्याव्या लागतील."

"घ्या की. आधी वर काय ते लिवा, मंग घ्या."

"अहो, वेळ जातो त्यात."

"मना कुठं जायचंय? पानी सोडून आलीय मी."

निलेश ओरडला, सरपंच ओरडले. पण तोवर मागं बसलेल्या बायका उठून टेबलाशी आल्या होत्या. एकीनं म्हटलं, लिहा ना भाऊसाहेब, त्यात काय. शेवटी भाऊसाहेबांनी नवं पान घेतलं, लिहिलं आणि वाचलं. गावच्या उद्भव विहिरीतील शिल्लक पाणी प्रकल्पास देण्यास ग्रामसभेची हरकत नाही.

सगळ्यात आधी काकीच बोलली. "शिल्लक? बावीस वर्सं मी सोडते पानी. शिल्लक कदी ऱ्हायलं ते मनाबी दावा."

बायकांनी हात मागं घेतले. नव्या पानावर त्या दिवशी एकही सही झाली नाही. जुनं पान कोणी फाडलं नव्हतं, टेबलावर तसंच पडलं होतं. वरच्या आळीतल्या सविताताईंनी ते उचलून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "वंदे," त्या म्हणाल्या, "सगल्यात वर तुझीच सई हाय गं."

माझी सही मला दिसत होती. तरी मला राग आला तो काकीचा. निलेशनं जाताना ऐकवलं, "वैनी, तुमच्या काकीमुलं यादी रद्द." मी चार दिवस काकीशी बोलले नाही. नळावर मान खाली घालून हंडा भरायचा आणि यायचं. तिनंही विचारलं नाही. मला वाटलं, रागानं आमचं पाणी तरी दोन मिनिटं आधी तोडेल. नाही. रोज वेळेवर आलं आणि वेळेवर गेलं.

पाचव्या दिवशी ती नर्सरीत आली. मातीच्या ढिगाशी बसली आणि म्हणाली, "तुझा फारम आन." तो अजून पिशवीतच होता. काढून दिला. तिनं उलटा करून माझ्यापुढं धरला. "मागं वाच."

मागं बारीक अक्षरांत लिहिलं होतं. शैक्षणिक पात्रता, किमान दहावी उत्तीर्ण.

"निलेश म्हणाला होता, चालतंय."

"निलेश बोल्ला. कागद काय बोल्तो?"

मी विचारलं, "तुम्हाला हे आधी माहीत होतं?"

"त्याच दिवशी एक फारम नेला, पुतन्याकडनं वाचून घेतला."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस काय?" म्हणजे चार दिवस मी तोंड फुगवून होते आणि ही बाई मी विचारायची वाट बघत होती. मला हसावं की माती फेकून मारावी कळेना. मग ती उठली, लुगडं झटकलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "ठराव झाला असता तर वरच्या आलीचं पानी पयलं गेलं असतं. आनि लोकांनी निलेशचं नाव नसतं घेतलं. तो हितला. भायेरून आलेल्या बाईनी पयली सई केली, असंच बोल्ले असते. मंग तू कुठं गेली असतीस?"

 खरंच कुठं गेले असते? सविताताईंच्या दारावरून रोज जायचं असतं मला. माझी मुलगी त्यांच्या मुलांबरोबर खेळते.

पार्क झालं का, असं मला परभणीकडून फोनवर विचारतात. नाही, आणि नाही होणार असंही कोणी सांगत नाही. पाटी आहे. मध्ये कळलं की पार्कचा मोठा अहवाल तयार झालाय, खालापूरला सरकारी कचेरीत लोकांना बघायला ठेवलाय, आणि मग लोकांच्या हरकती ऐकायला गावात सुनावणी होणार. काकीनं चावी पुतण्याकडं दिली आणि मला म्हणाली, चल.

कचेरीतल्या बाकावर आम्ही बसलो. अहवाल तिच्या मांडीवर, विटेएवढा जाड. मराठीतला भाग पुढं होता. तिला अक्षर दिसत नव्हतं, म्हणून मी वाचत होते. मी हळू वाचते, बोट ठेवून. प्रत्येक वाक्याला ती थांबवायची. "म्हंजे किती?" "कुठशी?" "हे कोन बोल्लं?" कारकून दोनदा येऊन बघून गेला. बाराव्या पानावर तक्ता लागला. पाण्याची गरज, पाण्याचा ताळेबंद असं काहीसं, नुसते आकडे आणि लहान लहान अक्षरं. मी तीनदा वाचलं. म्हटलं, "काकी, हे मला समजत नाही."

"मनाबी नाय. पन तू शालेत गेलीस."

"सातवीपर्यंत."

"मंग? आठवी बंद झाली काय?"

त्या दिवशी आम्ही एका कागदावर हरकत लिहून दिली. माझं अक्षर, तिचे शब्द: एवढ्या पाण्याची टाकी कशानं भरणार, ते आम्हाला या पुस्तकात सापडलं नाही, सापडलं असेल तर बोट ठेवून दाखवावं. कारकुनानं वाचून आमच्याकडं पाहिलं आणि पोचेचा शिक्का दिला. सुनावणी तेव्हापासून दोनदा पुढं गेली आहे.

कचेरीतून ती परत गावाला आलीच नाही. तिथूनच कर्जतला लेकीकडं जायचं ठरलं होतं, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूसाठी. स्टँडवर बस लागली. मी पिशवी धरून उभी. काकी चढायच्या आधी पुढच्या चाकाशी गेली, चप्पल काढली आणि पायाच्या अंगठ्यानं टायर दाबून पाहिला. ड्रायव्हर वरून म्हणाला, "आजी, चला ओ, हवा भरलीय." काकी म्हणाली, "ते मी बघते." मागचाही दाबला. मग चढली. खिडकीतून माझ्याकडं पाहिलंही नाही, पुढच्या सीटवरच्या माणसाला सरकून बसायला सांगत होती.

तिथं एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं लांबलं, लेक आता पाठवायला तयार नाही. तिथं ती त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला छळते, असं पुतण्या सांगतो.

मी दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. गणित जड जातं. अहवालाची झेरॉक्स घरी आहे, बाराव्या पानावर चिमटा लावून ठेवलाय. एक दिवस मला तो तक्ता कळेल. त्या दिवशी मी कर्जतला जाईन, काकीसमोर बसेन आणि बाराव्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिला सगळं वाचून, समजावून देईन. ती प्रत्येक ओळीला थांबवेल, माझा जीव खाईल. तरी एकही ओळ सोडणार नाही.